पावसाने दांडी मारली की सोयाबीनच्या पानात काय होतं?

आपल्या वाशिमकडे ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस पावसाचा खंड पडला की स्टेटसला सुकलेल्या सोयाबीनचे फोटो दिसायला लागतात. नेमक्या शेंगा भरायच्या वेळी असं झालं, तर घरचं वर्षाचं गणित बिघडतं.

पानाला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. पाणी कमी पडलं की झाड ती बंद करतं, म्हणजे फोनचा बॅटरी सेव्हरच! पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि अन्न कमी तयार होतं. ही उघडझाप पोटॅशियमच्या जोरावर चालते. म्हणून खंडात १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम फवारायला सांगतात. जादू नाही, थोडे दिवस निभतात एवढंच.

दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी थेट जनुकालाच हात घातलाय. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'पुसा डीएसटी राईस १' या भातात त्यांनी क्रिस्पर वापरून डीएसटी हे जनुक निकामी केलं. आमच्या भाषेत, नवा कोड टाकला नाही, जुनी ओळ कमेंट केली. त्यामुळे पानावरची रंध्रंच कमी होतात; कोरड आणि खारी जमीन दोन्ही जास्त सोसता येतात.

पण तो भात. आपल्या सोयाबीनला आज हाताशी आहे ते बीबीएफ यंत्र. त्याने रुंद वरंब्यावर पेरलं, की सरीत मुरलेलं पाणी खंडात मुळांना मिळतं.