लाकूड घ्यावं की प्लास्टिक?

गणपतीच्या आराशीत रेल्वे स्टेशनचा देखावा करायचा म्हटलं, की आम्हा मीरा-भाईंदरच्या बचत गटांत पहिला प्रश्न हाच असतो. नुसता स्वस्त माल पाहून घेतला, तर चार रात्रींची मेहनत वाया जाते. म्हणून निवड कशी करायची ते आज पाहू.

आधी माप ठरवा. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. अशा छोट्या गाड्यांसाठी जगभर १:८७ हे माप फार चालतं, म्हणजे खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग. त्यात सात फुटी दार जेमतेम २४ मिलिमीटरचं होतं. दार लहान होतं, पण लाकडावरची रेघ लहान होत नाही. म्हणून इतक्या लहान मापात प्लायवूडची भिंत खोक्यासारखी दिसते. तिथे गुळगुळीत प्लास्टिकचा तक्ता बरा. त्यावर बोथट टोकाने विटांच्या रेघा ओढता येतात. पत्र्याचं छप्पर, लोखंडी खांबही प्लास्टिकचेच शोभतात.

आराशीत मात्र फुटाला इंच हे माप सोयीचं. दार सात इंचांचं होतं आणि लाकूड लाकडासारखंच दिसतं. बाकडी, दारं, कुंपण यांना आइस्क्रीमच्या काड्या, बांबूच्या कामट्या चालतात. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होतात, ते लाकूड हलकं आणि कापायला सोपं.

मग हवा पाहा. आमच्याकडे खाडी, तुमच्याकडे पावसाळी ओल. लाकूड ओल पितं, फुगतं. एकाच बाजूला रंग दिला तर वाकतं, म्हणून दोन्ही बाजूंना हात द्या. प्लास्टिकला ओलीचं भय नाही, पण उन्हाने आणि तापणाऱ्या दिव्याने ते वाकतं. एलईडीच्या माळा वापरा.

फेव्हिकॉल लाकडात मुरतो, प्लास्टिकवरून मात्र सुटून येतो. प्लास्टिकसाठी वेगळं चिकटद्रव्य लागतं. त्याला उग्र वास असतो आणि ते पेट घेऊ शकतं. खिडकी उघडी ठेवा, चूल आणि मुलं लांब ठेवा. लाकूड-प्लास्टिक जोडताना प्लास्टिक पॉलिश पेपरने खरवडा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर जोड तपासा.

प्लास्टिकचे उरलेले तुकडे चुलीत कधीच घालू नका. तो धूर विषारी असतो आणि तो आपल्याच छातीत जातो. सजावटीच्या थर्माकोलवर तर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. गिऱ्हाईक मागेल तरी नाही म्हणा.

ऑर्डर घेताना तीन गोष्टी विचारा: माप किती, ठेवणार कुठे, आणि एकाच वर्षासाठी की दरवर्षी? उत्तरं मिळाली, की कुठला भाग कशाचा हे ठरतं. भाव त्यानंतरच सांगा.