हौशी नर्तकाची परीक्षा

परीक्षा हा शब्द कानीं पडतांच आमच्या विद्यार्थी वाचकांच्या मनांत कोणते विचार येत असतील, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. परीक्षा म्हणजे शाळेनें डोक्यावर ठेविलेलें एक ओझें, तें एकदां उतरलें म्हणजे मनुष्य सुटला, असाच बहुतेकांचा समज असतो. आणि आपल्या परीक्षा कधींच संपल्या, अशा समाधानांत त्यांचे आई-बाप असतात. अशा वाचकांपुढें आज आम्ही एक नवलाची गोष्ट मांडणार आहों. ज्यांचें शालेय शिक्षण संपून कित्येक वर्षें लोटलीं आहेत, जे कचेरींत, दवाखान्यांत किंवा घरांत दिवसभर राबतात, ज्यांना एका विद्येपासून एका पैचीही प्राप्ति व्हावयाची नाहीं, असे स्त्री-पुरुष त्या विद्येच्या परीक्षेचा अर्ज आपण होऊन भरतात. ती विद्या म्हणजे बॅले हें युरोपांतील शास्त्रीय नृत्य होय. प्रौढ वयांत हौसेनें बॅले शिकणारे लोक काय शिकतात, कशाची परीक्षा देतात आणि कां देतात, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बॅले म्हटलें कीं, पायाच्या बोटांच्या टोकांवर तरंगत जाणारी, पांढरा झगा ल्यालेली कृश नर्तकी डोळ्यांपुढें उभी राहते. तशी नर्तकी व्हावयाचें तर बालपणापासून मेहनत केली पाहिजे, हें खरें. परंतु या कलेचा उगम पाहिला तर निराळाच प्रकार दिसतो. इटलीच्या राजदरबारांत जन्मलेलें व फ्रान्सच्या दरबारांत वाढलेलें हें नृत्य आरंभीं सरदार-दरकदारांचें आणि खुद्द राजांचें होतें. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें १६५३ सालीं, चौदा वर्षांचा असतांना, एका दरबारी बॅलेंत सूर्याची भूमिका केली होती. पुढें १६६१ सालीं त्यानें पॅरिस येथें तेरा नृत्याचार्यांची एक राजमान्य ॲकॅडेमी स्थापिली. पावलांच्या ज्या पांच मूळ स्थिति आजही शिकाऊ मुलांना प्रथम दाखवितात, त्या ठरविण्याचें श्रेय त्याच राजाचा नृत्यगुरु पिएर बोशां यास देतात. आणि जगांत कोठेंही बॅलेचा वर्ग भरला तरी तेथील संज्ञा फ्रेंच असतात, याचें कारणही हेंच. कालांतरानें राजानें नाचणें सोडलें, नृत्य दरबारांतून नाट्यगृहांत गेलें, आणि धंदेवाईक नर्तकांच्या हातीं तें इतकें कठीण होत गेलें कीं, हौशी माणसास प्रेक्षकाच्या खुर्चीवांचून जागा उरली नाहीं. म्हणून आजचा हौशी शिकाऊ हा परक्या घरांत शिरलेला उपरा नसून, जुन्या घरीं उशिरां परतलेला वारस आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां वर्गांत काय चालतें तें पाहूं. खोलीच्या भिंतीलगत कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडा बसविलेला असतो. त्यास ‘बार’ म्हणतात. वर्गाच्या पहिल्या भागांत शिकणारा एका हातानें हा दांडा हलकेच धरून उभा राहतो. पहिला अभ्यास ‘प्लिये’ नांवाचा. त्यांत पावलें बाहेर वळवून, गुडघे पावलांच्या बोटांच्या रोखानें सावकाश वांकवावयाचे व तितकेच सावकाश सरळ करावयाचे. दुसरा ‘तांद्यू’. त्यांत एक पाय जमिनीशीं घासत, घोटा व बोटें ताणून, पुढें, बाजूस आणि मागें न्यावयाचा. पाहणाऱ्यास वाटावें कीं, यांत तें काय अवघड? परंतु उडी घेऊन खालीं येणारा नर्तक ज्या रीतीनें धक्का झेलतो, ती रीत म्हणजे हाच प्लिये होय. आणि ज्या पावलानें तो जमीन सोडतो, त्या पावलास बळ येतें तें तांद्यूनेंच. पुढें पाय अधिक वेगानें व अधिक उंच नेण्याचे अभ्यास होतात. मग दांडा सोडून खोलीच्या मध्यभागीं तोल सांभाळण्याचे, गिरक्यांचे आणि शेवटीं उड्यांचे. या क्रमानें स्नायु व सांधे थोड्याकडून पुष्कळाकडे जातात. नाणावलेला नर्तकही रोजच्या वर्गांत याच प्लियेनें आरंभ करतो. म्हणजे पहिल्या दिवसाचा शिकाऊ आणि तो, दोघेही एकच धडा गिरवीत असतात. अखेरीस गुरूस व वादकास वांकून नमस्कार केला म्हणजे वर्ग संपतो.

प्रौढ शिकणाऱ्याची पहिली अडचण शरीराची. बॅलेंत दोन्ही पाय बाहेरच्या अंगास वळलेले असावे लागतात, कारण तसें केल्यानें पाय बाजूस उंच नेतां येतो. हें वळण खुब्यापासून यावें लागतें. मांडीचें हाड खुब्याच्या खोबणींत जितकें फिरेल, तितकेंच तें खरें. त्या खोबणीचा आकार वाढीच्या वयांतच ठरून जातो. चाळिशींत तो बदलत नाहीं. भोंवतालच्या स्नायूंचें बळ मात्र त्या वयांतही वाढवितां येतें. जो मनुष्य शेजारच्या तरुण मुलीकडे पाहून आपलीं पावलें बळेंच फिरवितो, त्याच्या गुडघ्यांस पीळ पडून इजा होते. जितकें आपल्या खुब्याचें तितकेंच आपलें, हा प्रौढ वर्गांतला पहिला पाठ. बोटांच्या टोकांवर नाचण्याचीही तीच गोष्ट. त्यासाठीं घोट्यांत व पावलांत अनेक वर्षांच्या सरावानें आलेलें बळ लागतें. कित्येक हौशी शिकाऊ तिकडे कधीं वळतच नाहींत आणि त्यांचें त्यावांचून कांहीं अडतही नाहीं.

दुसरी अडचण मनाची, आणि ती अधिक बिकट. मूल पाहतें आणि करतें; प्रौढ मनुष्य पाहतो, विचार करतो, मग लाजतो, आणि तोंवर ताल पुढें निघून गेलेला असतो. शिक्षक पावलांची एक जुळणी एकदां-दोनदां दाखवितात आणि लगेच संगीत सुरू होतें. कचेरींत ज्याच्या शब्दासरशीं वीस माणसें हलतात, त्याचा स्वतःचा डावा पाय येथें त्याच्या शब्दानें हलत नाहीं. समोरच्या मोठ्या आरशांत हें सर्व दिसत असतें. पुष्कळ लोक दोन-तीन आठवड्यांत वर्ग सोडतात, ते पाय दुखले म्हणून सोडतात असें नाहीं. या लाजेपायींच सोडतात. जे टिकतात त्यांना मात्र प्रौढपणाचा एक लाभ होतो. त्यांना कारण समजून घेतां येतें. कंबर स्थिर कां ठेवावयाची, भार कोणत्या पायावर आहे, हें एकदां नीट कळलें म्हणजे ते आपली चूक आपणच शोधूं लागतात.

आतां परीक्षेकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत बॅले शिकविणारे पुष्कळ होते. परंतु त्यांच्या शिकवणीस एक पद्धति नव्हती व ती जोखण्यास एक माप नव्हतें. ही उणीव दूर करण्यासाठीं ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांच्या खटपटीनें १९२० सालीं लंडन येथें नृत्यशिक्षकांची एक संस्था स्थापन झाली. डेन्मार्कमध्यें जन्मलेल्या ॲडेलीन जेने, रशियाच्या तमारा कार्साविना, इटालियन पद्धतीच्या लुसिया कॉर्मानी, फ्रेंच पद्धतीचे एदुआर एस्पिनोझा आणि इंग्लंडच्या फिलिस बेडेल्स असे पांच परंपरांचे पांच जाणते लोक तींत एकत्र आले. जेने या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पुढें राजसनद मिळालेली हीच संस्था आज ‘रॉयल ॲकॅडेमी ऑफ डान्स’ या नांवानें ओळखली जाते, आणि तिचे परीक्षक अनेक देशांत जाऊन परीक्षा घेतात.

या संस्थेच्या परीक्षांत पहिल्यापासून आठव्यापर्यंत श्रेणी आहेत. त्यांखेरीज धंद्याची तयारी करणाऱ्यांसाठीं ‘इंटरमीजिएट’, ‘ॲडव्हान्स्ड’ अशी निराळी व अधिक कठीण मालिका आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, या परीक्षांस वयाची खालची मर्यादा आहे. उदाहरणार्थ, पहिल्या श्रेणीस सात वर्षें. परंतु वरची मर्यादा मुळींच नाहीं. शिवाय आठ श्रेणींपैकीं कोणत्याही श्रेणीस बसण्यासाठीं आधींची श्रेणी उत्तीर्ण असण्याची अट नाहीं. म्हणून प्रौढ मनुष्य आपल्या तयारीप्रमाणें योग्य ती पायरी निवडूं शकतो. परीक्षेच्या खोलींत एक परीक्षक टेबलाशीं बसलेला असतो. उमेदवार लहानशा गटानें, चौघांपर्यंत, आंत जातात. संगीत पियानोवर वाजतें किंवा ध्वनिमुद्रित असतें. वर्गांत केलेले बारचे अभ्यास, मध्यभागींचे अभ्यास, उड्या आणि शेवटीं नृत्य, असा क्रम असतो. गुण एकंदर १०० असून ते तंत्र, संगीताची जाण आणि सादरीकरण या तीन अंगांस वांटलेले असतात. ४० गुणांस उत्तीर्ण, ५५ गुणांस गुणवत्ता व ७५ गुणांस विशेष प्रावीण्य अशी प्रतवारी आहे. यावरून ध्यानांत येईल कीं, पाय किती उंच गेला एवढेंच पाहत नाहींत. ताल सांभाळला कीं नाहीं आणि नृत्यांत जीव होता कीं नाहीं, हेंही पाहतात. ज्याचा खुबा आंखडलेला आहे, त्यासही शेवटचीं दोन अंगें मोकळीं आहेत.

आतां मुख्य प्रश्न. ज्यास नोकरी मिळवावयाची नाहीं, रंगभूमीवर जावयाचें नाहीं, त्यानें परीक्षा कां द्यावी? आमच्या मतें याचीं तीन कारणें आहेत. परीक्षेस तारीख असते. हौसेस तारीख नसते, आणि तारीख नसलेलें काम ‘पुढच्या महिन्यांत’ या सदरांत पडून राहतें. दुसरें असें कीं, रोजचा शिक्षक दयेनें कांहीं गोष्टी सोडून देतो व आरसा पाहणाऱ्याच्या मनाप्रमाणें दाखवितो. परक्या परीक्षकास मात्र जें आहे तेंच दिसतें. तिसरें म्हणजे, परीक्षेसाठीं एक ठराविक अभ्यासक्रम तडीस न्यावा लागतो. आवडीचें तेवढें घेऊन नावडतें टाकतां येत नाहीं. यास दुसरी बाजूही आहे. परीक्षेच्या नादीं लागून वर्षभर तींच तीं पावलें घोंटीत बसल्यास नृत्य आटून जातें. आणि शुल्क, वेळ व प्रकृति हीं सर्वांस सारखीं नसतात. म्हणून परीक्षा न देतां नाचणाऱ्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. या संस्थेनेंच २०१७ सालीं पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठीं ‘सिल्व्हर स्वान्स’ म्हणजे रुपेरी हंस या नांवाचे वर्ग सुरू केले. तेथें तोल, हालचाल व आनंद एवढेंच उद्दिष्ट आहे.

आपल्या देशाशींही या गोष्टीचा संबंध आहे. ॲना पाव्हलोवा ही रशियन नर्तकी हिंदुस्थानांत आली असतां तिची ओळख झाल्यावर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं, पंचविशीच्या सुमारास, पाव्हलोवाच्या मंडळींतील क्लिओ नॉर्डी यांजपाशीं बॅलेचे धडे घेतले. आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला त्यांस पाव्हलोवानेंच दिला. तिशी उलटल्यावर, १९३५ सालीं, त्यांनीं भरतनाट्याचा पहिला जाहीर प्रयोग केला आणि १९३६ सालीं कलाक्षेत्र ही संस्था स्थापिली. उशिरां घेतलेले धडे कोणत्या वाटेस नेतील, हें आधीं सांगतां येत नाहीं. महाराष्ट्रांतील वाचकांना तर याहून जवळचा दाखला आहे. १९३१ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या गायन, वादन व नृत्याच्या परीक्षांस मुलांच्या शेजारीं बसणाऱ्या गृहिणी व पेन्शनर मंडळी आपल्या गांवोगांवीं आहेत. बॅलेच्या वर्गांतील प्रौढ शिकाऊ हा त्यांचाच भाऊबंद होय.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत धन्यानें चाकरांस सोंपविलेल्या द्रव्याचा दृष्टांत आहे. ज्यास सर्वांत थोडें मिळालें, त्यानें भीतीनें तें जमिनींत पुरून ठेविलें, आणि धन्यानें त्यास दोष दिला. तो दोष द्रव्य थोडें असल्याचा नव्हता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. इतर चाकरांपैकींही सर्वांस सारखें मिळालें नव्हतें, तरी शाबासकी सारखीच मिळाली. उशिरां शिकूं लागलेल्या माणसाच्या हातीं थोडेंच असतें, आणि तें चारचौघांत काढावयास तो भितो. परीक्षेचा अर्ज भरणें म्हणजे तें थोडें जमिनींतून वर काढणें होय.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापुढील परीक्षा तुम्हीं निवडलेल्या नाहींत, हें खरें. तरी पुढच्या खेपेस उत्तरपत्रिका हातीं पडेल, तेव्हां त्या आंकड्याकडे आपल्या योग्यतेचा निवाडा म्हणून न पाहतां, आपण कोठवर आलों तें सांगणारा मैलाचा दगड म्हणून पाहा. आणि आई-बापांस आमची नम्र सूचना अशी कीं, मुलांच्या गुणपत्रिकेवर सही करतांना आपण स्वतः शेवटचें काय शिकलों, हें मनाशीं आठवून पाहावें. नृत्यच शिकावें असा आमचा आग्रह नाहीं. पेटी, पोहणें, एखादी नवी भाषा, कांहींही चालेल. ज्या घरांत वडील माणूस शिकाऊ होऊन चुकतें आणि पुन्हां उभें राहतें, त्या घरांतील मुलांस चुकण्याची भीति फारशी उरत नाहीं.