लगाम रक्तदाबाचा

दक्षिण गुजरातेत बारडोली परिसरातील साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की नंदुरबार, धुळे आणि डांगकडचे ऊसतोड मजूर कोयते घेऊन तेथे उतरतात. बुडख्याशी ऊस तोडताना मजूर कमरेत वाकतो आणि मोळी उचलून ताठ उभा राहतो. गाडीचा बैल हौदातले पाणी पिऊन मान वर करतो. दोघांचेही डोके हृदयाच्या पातळीखालून वर जाते, मेंदूकडे निघालेल्या रक्ताला चढ लागतो, तरीही एरवी भोवळ येत नाही, याचे श्रेय चेतासंस्थेच्या अखंड कामाला आहे.

मानेतील ग्रीवा रोहिणीच्या आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतींत दाबग्राही, म्हणजे भिंतीचा ताण टिपणारी चेतातंतूंची टोके, असतात. दाब घटला की हा ताण कमी होतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे जाणारे संदेश विरळ होतात आणि लंबमज्जा दोन गोष्टी करते: हृदयाचा वेग रोखून धरणाऱ्या व्हेगस चेतेचा लगाम सैल सोडते, आणि श्रमाच्या वा संकटाच्या वेळी शरीर सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतांमार्फत ठोके जोरकस करून रक्तवाहिन्या आक्रसवते. व्हेगसचा लगाम विश्रांतीतही ओढलेलाच असतो. स्वतःच्या लयीत मिनिटाला सुमारे १०० ठोके देणारे माणसाचे हृदय त्यामुळेच ७०च्या आसपास राहते. लगाम सुटायला एखाददुसरा ठोका पुरतो, वाहिन्या आक्रसायला मात्र काही सेकंद लागतात.

व्हेगस उद्दीपित केल्यास हृदय मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवले, तर १८६६ मध्ये लुडविग आणि सियॉन यांना सशात रक्तदाब उतरवणारी चेता सापडली. बारडोलीच्या १९२८च्या सत्याग्रहाने ज्यांना 'सरदार' केले, त्या वल्लभभाईंच्या नावाच्या दिल्लीतील छातीरोग संस्थेचे पुढे संचालक झालेले अवतारसिंग पेंटल यांनी १९५०च्या दशकात मांजराच्या व्हेगसमधील एकेका तंतूतले संदेश नोंदवले आणि हृदयाच्या कर्णिका रक्ताने किती भरल्या आहेत, हे कळवणारे ग्राही ओळखले.

हे भरणेच निर्णायक ठरते, कारण चेता रक्ताची वाटणी बदलू शकतात, रक्त वाढवू शकत नाहीत. उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ गेले की रक्ताचे आकारमान घटते, त्यातच उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील वाहिन्या रुंदावतात. मग नाडी कितीही धावली तरी उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून फडावर पिण्याचे पाणी, सावली आणि दुपारची विश्रांती यांची तजवीज, मजूर आणि बैल दोघांसाठीही, तोडणीच्या हिशेबातच धरली गेली पाहिजे.