शकुंतलेच्या पायातील दर्भ : रविवर्म्याच्या एका चित्राचा नाट्यार्थ

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) याच्या शकुंतलाविषयक चित्रांपैकी सर्वांत परिचित चित्र म्हणजे पायातील काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणाऱ्या शकुंतलेचे. ते तिरुवनंतपुरम येथे आहे. सखीचा आधार घेऊन ती एका पायावर उभी आहे. हात उचललेल्या पावलाकडे गेला आहे, मुख मात्र मागे वळले आहे. दुष्यंत चित्रात नाही. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकाचा हा शेवट, एवढे सांगितले की अर्थनिर्णय संपला असे बहुधा मानले जाते. वस्तुतः प्रश्न तेथून सुरू होतो.

नाटकात हा प्रसंग दोनदा येतो. पहिल्या अंकात तो प्रत्यक्ष घडतो : सख्यांबरोबर आश्रमाकडे परतताना शकुंतला निमित्त काढून रेंगाळते व राजाकडे पाहत निघून जाते. दुसऱ्या अंकात तोच प्रसंग राजाच्या आठवणीतून येतो. पायात दर्भाचा अंकुर रुतल्याचे दाखवून ती अकस्मात थांबली आणि फांदीला न अडकलेले वल्कल सोडवीत राहिली, असे तो विदूषकाला सांगतो. (लोकांच्या तोंडी ‘काटा’ असला तरी कालिदासाचा दर्भच आहे.)

या दोन निमित्तांपैकी चित्रकाराने पहिले घेतले आणि दुसरे सोडले. ही निवड मार्मिक आहे. वल्कल सोडविणारी स्त्री चित्रात केवळ वल्कल सोडविताना दिसेल. ते मुळात अडकलेलेच नाही, हा अभाव रंगांनी कसा दाखवावा? कवीला ‘नाही’ म्हणता येते, चित्रकाराला येत नाही. पायाच्या निमित्तात मात्र हात एकीकडे व दृष्टी दुसरीकडे ठेवता येते. नटीने क्रमाने करावयाचा अभिनय येथे एका क्षणात सामावला आहे.

प्रेक्षक येथे राजाच्या जागी उभा केला आहे, असे मत काही समीक्षक मांडतात. ते मला मान्य नाही. तसे असते तर शकुंतलेची दृष्टी आपल्या दृष्टीला भिडली असती. ती आपल्याला ओलांडून चौकटीबाहेर जाते. शिवाय राजाची स्थिती संशयाची आहे. प्रियेची नजर, तिची मंद चाल, सखीवरचा तिचा लटका राग, हे सारे आपल्यासाठीच होते असे मानणारा प्रेमिक सर्वत्र स्वतःचाच अर्थ पाहतो, असे दुसऱ्या अंकाच्या आरंभी तो स्वतःच हसून म्हणतो. त्याला केवळ तर्क करता येतो. आपण हात आणि डोळे एकदमच पाहतो. म्हणजे चित्रकाराने आपल्याला दिलेली जागा नाट्यगृहातील रसिकाची आहे. हा भेद क्षुल्लक नव्हे. राजाच्या जागेवरून शकुंतलेची ओढ ही त्याची कल्पना ठरू शकते. रसिकाच्या जागेवरून ती तिची स्वतःची ठरते. पाचव्या अंकात भर राजसभेत दुष्यंत तिला ओळखावयास नकार देतो, तेव्हा नेमकी हीच साक्ष द्यावयास कोणी नसते.

महाराष्ट्रात १८८० साली किरलोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा शिळाछापखाना निघाला. त्यानंतर त्याच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघर लागल्या. नाटक ठाऊक नसलेल्याला या शकुंतलेत पायाला काही रुतलेली एक सुंदर तरुणी तेवढीच दिसणार, हे उघड आहे.

चित्राचा अर्थ लावण्याचा एक प्रसंग खुद्द कालिदासानेच सहाव्या अंकात योजिला आहे. दुष्यंताने काढलेल्या चित्रात तीन स्त्रिया आहेत. यांतील शकुंतला कोणती, हे विदूषकाने ओळखावयाचे आहे. सैल झालेला केशपाश, मुखावरचे घर्मबिंदू आणि नुकतेच पाणी घातलेला आम्रवृक्ष यांवरून तो ती अचूक ओळखतो. राजा मात्र चित्रातल्या भुंग्यालाच दटावू लागतो. अखेर विदूषकाला सांगावे लागते की हे चित्र आहे. आणि ते ऐकून राजाला दुःखच होते.