छत्तीस गुण आणि एक अक्षर

२०११ सालची, तुळशीचे लग्न लागल्यानंतरची गोष्ट. माझ्या पुतणीची पत्रिका एका स्थळाशी जुळली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला. घरची माणसे सज्जन. दादा आणि वहिनी हरखून गेले होते. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. बैठकीत चहाचे कप फिरत असताना मी म्हटले, “गुण जुळले, छान झालं. आता दोघांच्या रक्ताची एक तपासणी तेवढी करून घेऊ. सिकलसेलची.”

बैठक गप्प झाली. मुलाच्या मामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, लग्न करून राहिले का ऑपरेशन?” सगळे हसले. दादा मात्र हसला नाही. लग्नघरात अपशकुन करणाऱ्याकडे पाहावे तसे त्याने माझ्याकडे पाहिले.

मी असे का बोललो, हे सांगायचे तर वाचकांना १९८७ सालच्या एका वर्गात न्यावे लागेल.

दुसऱ्या बाकावरची मुलगी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चौतीस वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवले. त्या वर्षी दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. हुशार होती, पण सारखी गैरहजर. थंडी पडली की येईनाशी व्हायची. कवायतीच्या तासानंतर पाय धरून बसायची. विचारले की, “सर, हाडं दुखतात,” एवढेच सांगायची. एकदा भर वर्गात मी म्हणालो, “अभ्यासाची थंडी वाजते का गं तुला?” मुले हसली. तिने मान खाली घातली.

महिनाभराने तिचे वडील रजेचा अर्ज घेऊन आले. मुलगी नागपूरला रुग्णालयात होती. त्यांच्या हातातल्या कागदावर निदान लिहिले होते : सिकलसेल, ‘एसएस’. या आजाराचे नाव मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही घालत होतो. पण तो आजार माझ्यासमोर बाकावर बसलेला असताना मला ओळखता आला नव्हता.

पुढच्या वर्षी तिने परीक्षा दिली आणि ती पासही झाली. एकविसाव्या वर्षी ती गेली. त्यानंतर डीएनएचा धडा मी पूर्वीसारखा कधी शिकवू शकलो नाही.

पुवात सापडलेले द्रव्य

ही गोष्ट सुरू होते १८६९ साली, जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी. फ्रीडरिश मिशर नावाचा तरुण स्विस डॉक्टर रुग्णालयातून जखमांच्या पट्ट्या आणवत असे आणि त्यांवरच्या पुवातल्या पांढऱ्या पेशी धुऊन तपासत असे. त्याची प्रयोगशाळा होती जुन्या किल्ल्यातल्या स्वयंपाकघरात! त्या पेशींच्या केंद्रकांत त्याला एक आम्लधर्मी पदार्थ सापडला. त्यात फॉस्फरस होता आणि तो प्रथिनांसारखा मुळीच नव्हता. केंद्रकात, म्हणजे न्यूक्लियसमध्ये सापडले म्हणून पुढे या आम्लांना ‘न्यूक्लिक आम्ले’ हे नाव पडले.

ही आम्ले दोन प्रकारची असतात, डीएनए आणि आरएनए. त्यांचे काम काय, हे पुढची पंचाहत्तर वर्षे कोणाला नीट कळले नाही. आनुवंशिकतेचा वारसा डीएनएच वाहतो, याचा भक्कम पुरावा १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जंतूंवरच्या प्रयोगांतून दिला. १९५२ साली लंडनमध्ये रोझालिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी गॉसलिंग यांनी क्ष-किरणांनी डीएनएचे एक अप्रतिम छायाचित्र मिळवले. ते फ्रँकलिनबाईंना न सांगता वॉटसनला दाखवले गेले. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना जगापुढे मांडली. १९६२ साली त्यांना आणि विल्किन्स यांना नोबेल मिळाले. पण त्याआधीच, १९५८ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी फ्रँकलिनबाई वारल्या होत्या.

ती रचना आहे तरी कशी? विहिरीत सोडलेली दोरशिडी डोळ्यांसमोर आणा आणि तिला पीळ द्या. दोन्ही बाजूंचे दोर साखर आणि फॉस्फेट यांचे. मधली प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची. हे तुकडे चारच जातींचे असतात : ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणू. नियम असा की, अ-समोर थ-च येणार आणि ग-समोर स-च. या जोड्या पक्क्या, यांत बदल नाही.

सारी खुबी या नियमात आहे. शिडी मधोमध उभी उसवली, तर एका बाजूवरून दुसरी जशीच्या तशी बांधता येते. पेशी दुभंगते तेव्हा नेमके हेच घडते. एका शिडीच्या दोन शिड्या होतात, म्हणूनच आईचे डोळे मुलीकडे येतात आणि आजोबांचे नाक नातवाकडे. नक्कल करताना पेशी चुका तपासून दुरुस्तही करते. अखेरीस सुमारे शंभर कोटी अक्षरांत एखादीच चूक उरते. आई आणि वडील यांच्याकडून आपल्याला प्रत्येकी सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा एकेक संच मिळतो. एका पेशीतला हा धागा ताणून सरळ केला, तर दोन मीटर भरेल. आणि तो मावतो कशात, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात!

दप्तर आणि नक्कल

पण नुसती अक्षरे काय कामाची? शेतकऱ्याला सातबारा लागतो तेव्हा मूळ दप्तर कोणी त्याच्या हाती देत नाही. दप्तर कचेरीतच राहते. बाहेर येते ती नक्कल. पेशीचाही कारभार असाच. मूळ डीएनए केंद्रकात राहतो. हवा तेवढा मजकूर आरएनएच्या एकेरी पट्टीवर उतरवला जातो. या नकलेत थ-च्या जागी युरासिल नावाचा तुकडा असतो, एवढा फरक. ती केंद्रकाबाहेर रायबोझोम नावाच्या कारखान्यात जाते. तिथे ती तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. दर तीन अक्षरांचा अर्थ एक अमिनो आम्ल. दुसऱ्या जातीचे छोटे आरएनए हमालासारखे नेमके ते अमिनो आम्ल पाठीवर घेऊन येतात आणि साखळी वाढत जाते. ही साखळी म्हणजेच प्रथिन.

या तीन अक्षरी शब्दांचा कोश तयार करण्यात आपल्या हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा. पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या, रायपूर या खेड्यात जन्मलेल्या खुरानांना त्यासाठी १९६८ साली निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह नोबेल मिळाले. रायबोझोमची बारीक रचना उलगडणाऱ्यांत तमिळनाडूत जन्मलेले वेंकटरमण रामकृष्णन होते. त्यांना २००९ साली तोच सन्मान लाभला.

मीठ आणि पीठ

आता मूळ मुद्द्यावर येऊ. रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. त्यात दोन तऱ्हांच्या साखळ्या असतात. त्यांपैकी बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची, आणि तिची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. या साखळीतल्या सहाव्या जागेचा शब्द आहे ग-अ-ग. सिकलसेलमध्ये त्याचा होतो ग-थ-ग. बस्स, एवढेच! आमटीच्या कृतीत ‘चमचाभर मीठ’ऐवजी ‘चमचाभर पीठ’ छापले जावे, तसे. बाकी सगळी कृती बरोबर, अक्षर एकच चुकले. पण आमटी बिघडली.

मूळ शब्दाने ग्लुटामिक आम्ल बसते. त्याला पाण्याशी सलगी आवडते. बदललेल्या शब्दाने व्हॅलिन येते. ते तेलासारखे, पाण्यापासून तोंड फिरवणारे. प्राणवायू सोडून दिला की असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब ताठ दोरे वळतात. एका तांबड्या पेशीत असे सुमारे सत्तावीस कोटी रेणू. गोल, मऊ पेशी मग ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. सिकल म्हणजे विळा. बारीक रक्तवाहिन्यांत या पेशी अडकतात, पुढचे रक्त थांबते, आणि असह्य वेदना होतात. थंडी, अतिश्रम, शरीरातले पाणी कमी होणे, यांनी हे वाढते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीची ‘अभ्यासाची थंडी’ ही होती.

रेणूतल्या बिघाडामुळे होणारा आजार म्हणून याची ओळख १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटवली. बदल नेमका एकाच अमिनो आम्लाचा आहे, हे काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवले.

मग इतके वाईट अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? प्रत्येक कृतीच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एकच प्रत चुकीची असेल तर दुसरी काम निभावते. असा माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक. तो सहसा आजारी नसतो. उलट, हिवतापाच्या जीवघेण्या माऱ्यापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. १९५४ साली ॲन्थनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवले. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता, तिथे हे अक्षर तगले. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार इथे ते आढळते, आदिवासींत आणि इतरही अनेक समाजांत. हे कोणाचे पाप नाही. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना वाचवणारी ही ढाल आहे. तिची किंमत मात्र आज एखादे लेकरू मोजते.

कारण दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात गणित तेच : चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची, दोन वाहक होण्याची, एक पूर्ण निर्दोष असण्याची. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

खोटा मंगळ, खरे रक्त

त्या बैठकीनंतर कुरकुरत का होईना, तपासणी झाली. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक निघाले. मी समजावले की लग्न करू नये असे नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, डॉक्टरांशी बोलता येते, निर्णय त्या दोघांचा. पण स्थळ मोडले. मुलाकडच्यांनी गावात सांगितले, “मुलीला कडक मंगळ निघाला.” दादानेही तेच सांगणे पसंत केले. पुतणी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, खोटा मंगळ सांगता येतो, मग खरं रक्त का सांगता येत नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतःचे रक्त तपासले. मीही वाहक! चौतीस वर्षे जे अक्षर मी फळ्यावर लिहिले, ते माझ्याच रक्तात होते. हा अहवाल मी दादाच्या हातात ठेवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे हे आपल्या घरातलंच आहे.” त्यानंतर त्याने मंगळाचे नाव काढले नाही.

दोन वर्षांनी दुसरे स्थळ आले तेव्हा पुतणीने पत्रिकेआधी आपला अहवाल पुढे केला. त्या मुलाने शांतपणे तपासणी करून घेतली. तो निर्दोष निघाला आणि लग्न झाले. आज त्यांना दोन मुले आहेत. थोरला वाहक आहे, धाकटी नाही. दोघेही दिवसभर उन्हात हुंदडतात.

काळ पुढे गेला आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी अनेकांच्या वेदना कमी होतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने जनुकात कात्री चालवणाऱ्या एका उपचाराला मान्यता दिली. त्यात चुकलेले अक्षर बदलत नाहीत. गर्भातले हिमोग्लोबिन बंद करणारी कळ निकामी करतात, म्हणजे ते पुन्हा तयार होऊ लागते. पण अमेरिकेत त्याची किंमत ठरली बावीस लाख डॉलर. आपल्याकडे त्याच वर्षी १ जुलैला शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली : चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट. तपासणीला लागते ते काही थेंब रक्त.

मोहीम सरकारची असली, तरी बैठक आपल्या घरची असते. ज्यांना पत्रिका पाहायची आहे त्यांनी खुशाल पाहावी. फक्त शेजारी रक्ताचा कागदही ठेवावा, आणि त्यावर ‘वाहक’ असे लिहिलेले असले, तर आवाज न उतरवता ते वाचावे. दुसऱ्या बाकावरच्या मुलीचे आईवडील या दोन कागदांपैकी एकच पाहून बोहल्यावर चढले होते. दुसरा कागद असतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.