रायपूरचा लंबक

रायपूर शहरातून भिलाईकडे जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रस्त्यावर तीन विद्यास्थाने उभी आहेत. पहिले, 1948 साली स्थापन झालेले शासकीय विज्ञान महाविद्यालय. दुसरे, 1956 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ज्याची कोनशिला बसविली ते खाणकाम व धातुविज्ञानाचे महाविद्यालय. 2005 पासून ते राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था या नावाने ओळखले जाते. तिसरे, 1964 साली स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ. पुढे कोणी खाणीत उतरणार असो, पूल बांधणार असो की अध्यापन करणार असो, आरंभी प्रत्येकास पदार्थविज्ञान शिकावे लागते. आणि पदार्थविज्ञानात लंबकाचा प्रयोग इतका जुना व साधा आहे की विद्यार्थी त्याकडे किंचित तुच्छतेनेच पाहतो.

धाग्याला एक धातूचा गोळा टांगावा, त्यास हलकासा झोका द्यावा, वीस आंदोलनांस लागणारा वेळ मोजावा. त्यावरून एका आंदोलनाचा काल मिळतो. धाग्याच्या टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी घेऊन तीस पायच्या वर्गाच्या चौपटीने गुणावे व आवर्तकालाच्या वर्गाने भागावे, म्हणजे गुरुत्वत्वरण हाती येते. आता समजा, रायपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याचे उत्तर 9.79 आले. पुस्तकात तर 9.81 छापलेले आहे. अशा वेळी पुष्कळ विद्यार्थी काय करतात, हे प्रयोगशाळेत वावरलेल्या कोणासही सांगावयास नको. वेळेचा एखादा आकडा हळूच खोडला जातो, हिशेब उलट दिशेने केला जातो, आणि वहीत 9.81 हे उत्तर सुवाच्य अक्षरांत विराजमान होते.

येथे खेदाची गोष्ट अशी की, खोडलेले उत्तरच खरे होते.

गुरुत्वत्वरण पृथ्वीवर सर्वत्र सारखे नाही. 1672 साली झां रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. याचे कारण पुढे न्यूटनने उलगडून दाखविले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तेथील त्रिज्या ध्रुवाकडील त्रिज्येपेक्षा सुमारे 21 किलोमीटरांनी अधिक आहे. भ्रमणामुळे वजनही किंचित घटते. म्हणून विषुववृत्तावर समुद्रसपाटीस हे त्वरण 9.780, तर ध्रुवांवर 9.832 मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद भरते. 1901 साली आंतरराष्ट्रीय परिषदेने 9.80665 हा प्रमाण आकडा ठरविला. तो साधारणपणे 45 अक्षांशावरील स्थितीस अनुसरून आहे, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांतील 9.81 तर लंडनलाच अधिक शोभतो.

रायपूर 21 अंश 15 कला उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर वसले आहे. अक्षांश व उंची हिशेबात घेतली असता येथील त्वरण 9.786 च्या आसपास येते. एका बाजूस जाण्यास बरोबर एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची लांबी लंडनमध्ये सुमारे 99.41 सेंटिमीटर, तर रायपूरला सुमारे 99.15 सेंटिमीटर असावी लागेल. लंडनमध्ये लावलेले लंबकाचे घड्याळ येथे आणले, तर उन्हाळ्याने दांडा लांबण्याचा परिणाम सोडूनही, ते दिवसाला जवळजवळ दोन मिनिटे मागे पडेल.

आपल्या देशात या सूक्ष्म भेदापायी एका मनुष्याचे प्राण गेले आहेत. भारतीय सर्वेक्षण खात्यातील जेम्स बॅसेव्ही हा अधिकारी 1865 पासून लंबकाची उपकरणे घेऊन ठिकठिकाणी निरीक्षणे करीत होता. 1871 साली लडाखच्या उंच, थंड पठारावर हेच काम करीत असता तो मरण पावला. त्याच्या निरीक्षणांत हिमालयाच्या पठारावर गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमी आढळले होते. पर्वतांखाली हलक्या खडकांची खोल मुळे असावीत, या विचारास अशा मोजमापांनी बळ मिळाले.

तथापि, रायपूरच्या विद्यार्थ्याने लगेच हर्षभरित होऊ नये. त्याचे 9.79 हे खरे असले तरी ते योगायोगानेही आलेले असू शकेल. एक मीटर लांबीच्या लंबकास वीस आंदोलनांस सुमारे 40 सेकंद लागतात. घड्याळ दाबताना एक-पंचमांश सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे शेकडा अर्धा. आणि काल वर्गात येत असल्याने उत्तरात ती दुप्पट, शेकडा एक होते. अशा मोजणीवरून 9.7 आणि 9.9 यांतही निर्णय करता येत नाही, मग 9.79 व 9.81 यांची कथा काय! पाचशे आंदोलने मोजावीत. काम कंटाळवाणे आहे खरे, सतरा मिनिटे मान हलविता येत नाही. पण तीच चूक आता पंचवीसपट लहान होते. लांबीही अर्ध्या मिलिमीटरापर्यंत मोजली पाहिजे. झोका लहान असावा, ही सूचना तर पुष्कळजण शिष्टाचार म्हणूनच वाचतात. दहा अंशांचा झोका सारखा टिकवून ठेवला तर आवर्तकाल शेकडा 0.19 ने वाढतो आणि रायपूरचे त्वरण 9.75 पर्यंत उतरल्याचा भास होतो. तीन अंशांच्या आत राहिल्यास हा दोष नगण्य ठरतो.

एवढे केल्यावर वहीत 9.79 लिहावे, त्याच्यापुढे चुकीची मर्यादा लिहावी आणि खाली स्थळ म्हणून रायपूर लिहावे. उष्णतेच्या प्रयोगातही येथे असाच प्रसंग येतो. उकळत्या पाण्याच्या वाफेत धरलेल्या तापमापकातील पारा 100 अंशांवर न पोहोचता 99 च्या जवळ थांबला, तर दुसरा तापमापक मागण्यापूर्वी भिंतीवरील वायुभारमापक वाचून पाहावा.