संडासाचा दुसरा खड्डा



स्वच्छतेच्या मोहिमेत आपण आजवर संडास मोजत आलो. गावात घरे किती, संडास किती, बांधायचे उरले किती, हा हिशेब गावोगाव झाला. तो व्हायलाच हवा होता. पण संडासाचं खरं काम जमिनीखाली चालतं, आणि मोजणारा तिथे सहसा डोकावत नाही. आज त्या जमिनीखालच्या कामाबद्दल थोडं बोलू.

आधी झालेली प्रगती पाहू. खेड्यांत संडास व्हावेत म्हणून केंद्र सरकारने 1986 साली ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम हाती घेतला. 1999 मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियान आले. महाराष्ट्रात 2000 साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावागावांत चढाओढ लागली. तरीही 2011 च्या जनगणनेत देशातल्या खेड्यांमध्ये दर 100 घरांपैकी सुमारे 31 घरांतच संडास आढळला. महाराष्ट्राच्या खेड्यांत 38 घरांत. मग 2 ऑक्टोबर 2014 रोजी स्वच्छ भारत मोहीम निघाली. पात्र कुटुंबाला 12,000 रुपयांचे साहाय्य मिळू लागले. 2 ऑक्टोबर 2019 रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. पाच वर्षांत 10 कोटींहून अधिक संडास उभे राहिले. हे काम लहान नव्हे.

मात्र 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 100 पैकी 19 कुटुंबे अजून उघड्यावरच जात असल्याचे दिसले. कोणाकडे संडास नव्हता. कोणाकडे होता, पण त्यात लाकडं भरली होती. बांधलेला संडास माणूस वापरत नाही, याचं एक कारण फार ठिकाणी ऐकू येतं: "खड्डा भरला, तर काय करायचं?"

हाच प्रश्न आता एकोडीच्या शिवारात नेऊन पाहू. एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं गाव. हा सारा मुलूख धानाचा, तलावांचा आणि बोड्यांचा. पावसाळ्यात बांध्या भरतात, विहिरींचं पाणी वर येतं आणि रोवणीला बायाबापड्या दिवसभर अनवाणी असतात. उघड्यावरच्या मैल्यातून अंकुशकृमीची अंडी ओलसर, सावलीच्या मातीत पडतात. त्यांतून अळ्या निघतात आणि तळपायाच्या कातडीतून अंगात शिरतात. पुढे आतड्याला चिकटून त्या रक्त पितात. बाई फिकी पडते, तिला धाप लागते, आणि घरचे म्हणतात, कामानं थकली असेल! बांधाआड बसण्याची किंमत अशी रोवणी करणारीच्या रक्तातून वसूल होते.

तेव्हा संडास हवाच. पण कोणता? खेड्यातल्या घराला दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. त्याची रचना साधी आहे. बसायच्या भांड्याला तीव्र उतार असतो, म्हणून तांब्या-दोन तांब्ये पाण्यात ते साफ होतं. खालच्या वाकड्या नळात थोडं पाणी कायम साचून राहतं. त्यामुळे घाण वर येत नाही आणि माश्या आत जात नाहीत. पुढे एका छोट्या चेंबरातून दोन वाटा फुटतात, एकेक वाट एकेका खड्ड्याकडे. खड्ड्याच्या भिंतीला जाळीसारखी भोकं ठेवतात आणि तळ मातीचाच राहू देतात. पाणी आणि वायू आजूबाजूच्या मातीत मुरतात, घट्ट भाग तेवढा उरतो.

एका वेळी एकच खड्डा वापरायचा. दुसऱ्याची वाट विटेने बंद ठेवायची. पहिला भरला की वीट काढून त्या वाटेला लावायची, बस्स. भरलेला खड्डा झाकून दोन वर्षे तसाच राहू द्यावा. तेवढ्या काळात आतले रोगजंतू मरतात, मैल्याची माती होते. तिला दुर्गंधी नसते आणि ती फावड्याने काढता येते. आपल्या जुन्या लोकांनी तिला सोनखत म्हटलं आहे, ते उगाच नाही.

आता गुरुजींसाठी एक गणित. एका माणसामागे खड्ड्यात वर्षाला साधारण 45 लिटर गाळ साठतो. घरात पाच माणसे, म्हणजे 225 लिटर. एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल गोल खड्ड्यात सुमारे 785 लिटर मावते. मग खड्डा किती वर्षांनी भरेल? मुले फळ्यावर भागाकार करतील आणि उत्तर येईल: साडेतीन वर्षांच्या आसपास. दुसरा खड्डा भरेपर्यंत पहिल्याला विसावा घ्यायला हवी तेवढी सवड मिळते. "लहान खड्डा लगेच भरेल" ही धास्ती अशी एका भागाकारात उतरते.

ही धास्ती पोटात धरून पुष्कळजण एकच मोठा थोरला खड्डा खणतात, नाहीतर सेप्टिक टाकी बांधतात. वाटतं, आपल्या हयातीत काळजी नाही. पण टाकीही भरतेच. तिच्यात ताजा मैला असतो, कोंडलेला विषारी वायू असतो, आणि ती उपसायला कोणालातरी बोलवावं लागतं. हा 'कोणीतरी' कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पिढ्यान्‌पिढ्या हे काम काही जातींच्याच डोक्यावर लादलं गेलं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करण्याचं काम आपणहून मागितलं. सवर्णाला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी उपोषण केलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचं खत करणारे सोपे संडास तयार केले. माणसाला ताज्या मैल्यात हात घालावा लागू नये, हा त्यामागचा ध्यास. हाताने मैला साफ करायला माणूस लावणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरा खड्डा असला की तो गुन्हा करायची वेळच येत नाही.

धानाच्या मुलखात आणखी एक पथ्य आहे. पावसाळ्यात भूजल जिथवर चढतं, त्याच्यापेक्षा खड्ड्याचा तळ निदान दोन मीटर वर असावा. पाणी फारच वर येत असेल, तर खड्डे उथळ घ्यावेत, जमिनीच्या वर उचलावेत आणि भोवती मातीचा भराव घालावा. विहीर किंवा हातपंप 10 ते 15 मीटर लांब असावा. दोन खड्ड्यांमध्येही एक मीटरचं अंतर हवं, नाहीतर चालू खड्ड्याचं पाणी झिरपून विसाव्यातला खड्डा ओला राहतो.

तेव्हा मंडळी, घरी एवढं करा. चेंबरचं झाकण उघडून पहा: एक वाट खरोखर बंद आहे का? पुष्कळ ठिकाणी दोन्ही उघड्या राहतात, दोन्ही खड्डे बरोबरच भरतात आणि दुसरा असून नसल्यासारखा होतो. वाट बदलाल त्या दिवशी संडासाच्या भिंतीवर महिना आणि साल रंगाने लिहून ठेवा. गुरुजींनी सातवी-आठवीच्या मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. त्यात विहिरी, हातपंप आणि खड्डे दाखवावेत, मधली अंतरं मुलांनी मोजावीत. 2020 पासून मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी, कचरा आणि खड्ड्यांतला गाळ यांचाही विचार सुरू झाला. त्या कामी असा नकाशा ग्रामसभेत फार उपयोगी पडेल.

पहिला खड्डा उघडायची वेळ येईल तेव्हा घरच्या कर्त्या माणसाने स्वतः फावडं घ्यावं, शेजाऱ्यांना आणि पोरांना बोलवावं, ती माती हातात घेऊन दाखवावी आणि सांदवाडीतल्या झाडाला घालावी. शंभर भाषणांनी जी शंका फिटत नाही, ती त्या मूठभर मातीने फिटेल.